हेन्री ब्रूम

हेन्री पीटर ब्रूम, पहिले बॅरन ब्रूम अँड व्हॉक्स (१९ सप्टेंबर १७७८ – ७ मे १८६८) हे ब्रिटिश बॅरिस्टर, संसदपटू, कायदेसुधारक आणि १८३० ते १८३४ या काळातील लॉर्ड चॅन्सेलर होते. गुलामगिरीचे निर्मूलन, शिक्षणप्रसार आणि न्यायव्यवस्थेची पुनर्रचना या तिन्ही क्षेत्रांत त्यांनी मोठे काम केले. तथापि कायद्याच्या इतिहासात त्यांचे नाव मुख्यतः एका खटल्यामुळे आणि त्यात केलेल्या एका विधानामुळे घेतले जाते. १८२० साली राणी कॅरोलाइनच्या बचावाचे भाषण करताना वकिलाची आपल्या अशिलावरील निष्ठा किती दूरवर जाते, याचे अत्यंत कठोर प्रतिपादन त्यांनी केले. वकिली आचारसंहितेच्या अभ्यासात ते प्रतिपादन आजही आरंभबिंदू मानले जाते. ज्या अशिलासाठी ते केले गेले, तिच्याशी ब्रूम यांचे स्वतःचे वर्तन मात्र तितके निःसंदिग्ध नव्हते.

बालपण आणि शिक्षण

ब्रूम यांचा जन्म एडिंबरा येथे झाला. वडिलांचे घराणे इंग्लंडच्या वेस्टमोरलँड परगण्यातील होते, तर आई एलेनोर साइम या इतिहासकार विल्यम रॉबर्टसन यांच्या भाची होत्या. एडिंबऱ्याच्या रॉयल हायस्कूलमध्ये आणि नंतर तेथील विद्यापीठात त्यांचे शिक्षण झाले. गणित आणि भौतिकशास्त्र यांकडे त्यांचा प्रथमपासून ओढा होता. प्रकाशाच्या गुणधर्मांवरील त्यांचा निबंध १७९६ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला, तेव्हा त्यांनी वयाची अठरा वर्षेही पुरी केली नव्हती. १८०३ मध्ये सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. विज्ञानातील त्यांची मते नेहमीच टिकली असे नाही. टॉमस यंग यांच्या प्रकाशाच्या तरंगसिद्धांतावर त्यांनी निनावी लेख लिहून कडाडून टीका केली होती. पुढे यंग बरोबर ठरले.

१८०० साली त्यांना स्कॉटलंडमध्ये वकिलीची सनद मिळाली. स्कॉटिश न्यायालयांत त्या काळी टोरी पक्षाचा वरचष्मा होता आणि उदारमतवादी तरुणांना तेथे फारसे काम मिळत नसे. या रिकाम्या वेळेचा उपयोग करून फ्रान्सिस जेफ्री, सिडनी स्मिथ आणि फ्रान्सिस हॉर्नर यांच्यासह त्यांनी १८०२ मध्ये ‘एडिंबरा रिव्ह्यू’ हे त्रैमासिक उभे केले. त्यात ब्रूम यांनी अर्थशास्त्रापासून ज्योतिषशास्त्रापर्यंत मिळेल त्या विषयावर लिहिले. १८०३ मध्ये त्यांनी लंडनच्या लिंकन्स इनमध्ये नाव नोंदवले आणि १८०८ मध्ये ते इंग्लिश बॅरिस्टर झाले.

लंडनमधील वकिली

नेपोलियनशी चाललेल्या युद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने तटस्थ देशांच्या व्यापारावर निर्बंध घातले होते. त्यांमुळे नुकसान सोसणाऱ्या व्यापाऱ्यांच्या वतीने ब्रूम १८०८ मध्ये संसदेपुढे उभे राहिले. त्या वेळी यश आले नाही. १८१० मध्ये ते स्वतः संसदेत निवडून गेले आणि तोच विषय त्यांनी सभागृहात लावून धरला. अखेर १८१२ मध्ये सरकारला निर्बंध मागे घ्यावे लागले. गुलामांचा व्यापार हा हद्दपारीच्या शिक्षेस पात्र असा गंभीर गुन्हा ठरवणारा १८११ चा कायदाही त्यांच्याच पुढाकाराने झाला.

न्यायालयात त्यांचे नाव झाले ते वृत्तपत्रांवरील खटल्यांत. सैन्यातील फटक्यांच्या शिक्षेवर टीका करणारा एक लेख एका प्रांतिक वृत्तपत्रात आला आणि त्याचा बराचसा भाग जॉन व ली हंट या बंधूंच्या ‘एक्झामिनर’ने पुन्हा छापला. १८११ च्या फेब्रुवारीत लंडनमध्ये हंट बंधूंवर खटला चालला. ब्रूम यांनी बचाव केला आणि ज्यूरीने दोघांना निर्दोष सोडले. काही आठवड्यांनी मूळ लेख छापणाऱ्या संपादकावर लिंकन येथे खटला चालला. लेख तोच आणि वकीलही तेच, पण तेथील ज्यूरीने आरोपीला दोषी ठरवले. १८१२ च्या अखेरीस हंट बंधूंवर दुसरा खटला झाला, तो प्रिन्स रीजंटची, म्हणजे भावी राजा चौथा जॉर्ज याची, बदनामी केल्याबद्दल. या वेळी ब्रूम हरले आणि दोघा भावांना प्रत्येकी दोन वर्षांचा तुरुंगवास झाला. सत्ताधाऱ्याला न जुमानणारा वकील ही त्यांची ख्याती याच काळात पक्की झाली आणि रीजंटच्या मनातील अढीही येथूनच सुरू झाली.

कॅरोलाइनचे सल्लागार

ब्रन्सविकची राजकन्या कॅरोलाइन हिचा विवाह १७९५ मध्ये जॉर्जशी झाला होता. पुढच्याच वर्षी मुलगी शार्लट जन्मली आणि त्यानंतर लवकरच पती-पत्नी विभक्त झाले. १८०६ मध्ये कॅरोलाइनच्या वर्तनाची गुप्त चौकशी झाली. तिच्यावरील मुख्य आरोप त्या चौकशीत सिद्ध झाला नाही. १८१२ च्या सुमारास ब्रूम तिचे कायदेशीर सल्लागार झाले. या नात्यात प्रारंभापासून दोन हेतू मिसळलेले होते. कॅरोलाइनला दरबाराच्या छळापासून संरक्षण हवे होते. ब्रूम यांना तिची बाजू न्याय्य वाटत होतीच, शिवाय रीजंट आणि त्याचे मंत्री यांच्याविरुद्ध विरोधी पक्षाच्या हाती ते एक प्रभावी अस्त्रही होते.

१८१४ च्या जुलैत राजकन्या शार्लट वडिलांच्या घरातून पळून आईच्या घरी आली. ब्रूम यांना रातोरात बोलावण्यात आले. कायद्याने मुलीवर वडिलांचाच ताबा आहे, हे त्यांनी तिला स्पष्टपणे सांगितले आणि परत जाण्यास राजी केले. त्याच उन्हाळ्यात कॅरोलाइनने इंग्लंड सोडण्याचे ठरवले, तेव्हा ब्रूम यांनी विरोध केला. देशात राहिली तर लोकांची सहानुभूती तिच्या पाठीशी राहील आणि परदेशात गेली तर शत्रूंच्या हेरांना मोकळे रान मिळेल, असा त्यांचा हिशेब होता. तिने सल्ला मानला नाही. इटलीत बार्तोलोमेओ पेर्गामी हा साधा सेवक तिच्या घरकारभाराचा प्रमुख झाला आणि दोघांच्या संबंधांविषयी बोलले जाऊ लागले. १८१७ मध्ये शार्लटचा बाळंतपणात मृत्यू झाल्यावर जॉर्जने घटस्फोटाचा विचार गंभीरपणे सुरू केला. १८१८ मध्ये पुरावे गोळा करण्यासाठी मिलान येथे एक आयोग पाठवण्यात आला.

अशिलाच्या परवानगीविना

१८१९ च्या जूनमध्ये ब्रूम यांनी लॉर्ड हचिन्सन यांच्या मध्यस्थीने सरकारपुढे एक प्रस्ताव ठेवला. कॅरोलाइनला मिळणारा वार्षिक ३५,००० पौंडांचा तनखा वृद्ध राजा तिसरा जॉर्ज हयात असेपर्यंतच चालू राहणार होता. तो तिला आयुष्यभर मिळावा, त्या बदल्यात तिने औपचारिक विभक्तता मान्य करावी आणि राणीपदाचा हक्क सोडावा, असे प्रस्तावाचे स्वरूप होते. हे सर्व आपण कॅरोलाइनच्या नकळत करत आहोत, हे ब्रूम यांनी स्वतःच मान्य केले होते. म्हणजे अशिलाचा मुकुट पणाला लावणारी बोलणी अशिलाला न विचारताच सुरू झाली होती. सरकारने या प्रस्तावाला तेव्हा फारसा प्रतिसाद दिला नाही.

२९ जानेवारी १८२० रोजी तिसरा जॉर्ज वारला आणि कॅरोलाइन कायद्याने राणी झाली. फेब्रुवारीत नव्या राजाने चर्चमधील प्रार्थनेतून तिचे नाव वगळायला लावले. एप्रिलच्या मध्यास पंतप्रधान लॉर्ड लिव्हरपूल यांनी ब्रूम यांच्याकडे लेखी अटी सोपवल्या. राणीने परदेशात राहावे, राणी ही पदवी वापरू नये आणि त्या बदल्यात आयुष्यभर वर्षाला ५०,००० पौंड घ्यावेत, असा त्यांचा आशय होता. याच सुमारास ब्रूम यांची राणीचे अ‍ॅटर्नी जनरल म्हणून आणि टॉमस डेन्मन यांची सॉलिसिटर जनरल म्हणून न्यायालयांनी दखल घेतली. या पदामुळे ब्रूम यांना ज्येष्ठ वकिलांच्या रांगेत स्थान मिळाले. सरकारने ते स्थान त्यांना आजवर नाकारले होते.

लिव्हरपूल यांच्या अटी मात्र राणीपर्यंत पोहोचल्या नाहीत. राणी इंग्लंडकडे निघाली होती. जूनच्या प्रारंभी फ्रान्समधील सेंट ओमेर येथे ब्रूम आणि हचिन्सन तिला भेटले. सरकारचे म्हणणे तिला स्पष्ट शब्दांत कळले ते तेथे, तेही हचिन्सन यांच्या पत्रातून. त्यात अटींसोबत इंग्लंडच्या भूमीवर पाऊल ठेवल्यास कारवाई होईल अशी धमकीही होती. राणी संतापली. लंडन महापालिकेचे आल्डरमन मॅथ्यू वुड तिच्यासोबत होते आणि परत येण्याचा आग्रह धरत होते. बोलणी पूर्ण होण्याआधीच ती बग्गीत बसून किनाऱ्याकडे निघाली आणि ५ जून रोजी डोव्हर बंदरात उतरली. ब्रूम मागे राहिले.

अटी दोन महिने का दडवल्या, यावर संसदेत वाद झाला. आपल्याला त्या राणीपुढे ठेवण्याची योग्य संधी मिळाली नाही, असे ब्रूम यांचे स्पष्टीकरण होते. ते तेव्हाही फार थोड्यांना पटले. इतिहासकारांनी त्यांच्या हेतूंचे निरनिराळे अर्थ लावले आहेत. तडजोड घडवून आणण्याचे श्रेय योग्य क्षणी आपल्याकडे यावे असे त्यांना वाटत असावे, किंवा राणीकडून आणि सरकारकडून दोन्हीकडे आपली गरज टिकावी अशी त्यांची इच्छा असावी. हेतू काहीही असो, अशिलाच्या भवितव्याचा निर्णय ज्या प्रस्तावावर अवलंबून होता तो तिला न कळवणे हा वकिलाच्या प्राथमिक कर्तव्याचाच भंग होता. राणीचाही त्यांच्यावर पूर्ण विश्वास नव्हता. तरीही पुढच्या चार महिन्यांत तिचे सारे काही त्यांच्याच हाती होते.

उमरावांच्या सभागृहातील खटला

जूनमधील तडजोडीची बोलणी प्रार्थनेतील नावाच्या मुद्द्यावर फिसकटली. ५ जुलै १८२० रोजी सरकारने हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये एक विधेयक मांडले. राणीची पदवी काढून घेणे आणि विवाह रद्द करणे ही त्यातील शिक्षा होती. रूपाने ते विधेयक होते, पण दुसऱ्या वाचनाच्या वेळी साक्षी-पुरावे घेतले जाणार असल्याने प्रत्यक्षात तो खटलाच होता. १७ ऑगस्ट रोजी त्याला सुरुवात झाली. सरकारतर्फे रॉबर्ट गिफर्ड आणि जॉन कॉप्ली उभे राहिले. ब्रूम आणि डेन्मन यांच्यासह जॉन विल्यम्स, स्टीव्हन लशिंग्टन, निकोलस टिंडल आणि टॉमस वाइल्ड हे बचावात होते.

सरकारचा पहिला मोठा साक्षीदार थिओडोर माजोक्की हा राणीचा जुना इटालियन नोकर होता. राणीच्या आणि पेर्गामीच्या शयनगृहांविषयी त्याने सरतपासणीत बारीकसारीक तपशील सांगितले. ब्रूम यांनी उलटतपासणीत त्याच घरांविषयी, त्याच प्रवासांविषयी साधे प्रश्न विचारायला सुरुवात केली. इतर नोकर कोठे झोपत, दारे कोणत्या बाजूला उघडत, अशा प्रश्नांना तो पुन्हा पुन्हा आठवत नाही एवढेच उत्तर देऊ लागला. काही दिवसांतच त्याचे ते इटालियन उत्तर लंडनच्या रस्त्यांवर, व्यंगचित्रांत आणि गाण्यांत घुमू लागले. पढवून आणलेला साक्षीदार अशी त्याची प्रतिमा झाली, आणि नंतरच्या साक्षीदारांकडेही लोक त्याच नजरेने पाहू लागले. सगळेच पुरावे इतके कच्चे नव्हते. जहाजाच्या डेकवरील तंबूत राणी आणि पेर्गामी एकत्र झोपत असत, हा मुद्दा बचावाला शेवटपर्यंत अडचणीचा ठरला. बचावपक्षाच्याच एका साक्षीदाराने तो उलटतपासणीत मान्य केला.

३ ऑक्टोबर रोजी ब्रूम बचावाच्या भाषणासाठी उभे राहिले. ते भाषण दोन दिवस चालले. प्रारंभीच त्यांनी वकिलाच्या कर्तव्याविषयी आपली भूमिका मांडली. तिचा आशय असा की, आपले काम करत असताना वकिलाच्या दृष्टीने जगात एकच व्यक्ती अस्तित्वात असते आणि ती म्हणजे अशील. त्याला वाचवणे हे वकिलाचे पहिले आणि एकमेव कर्तव्य असते. त्यासाठी इतर कोणाला, अगदी स्वतःलाही, कोणती झळ पोहोचेल याचा विचार त्याने करू नये. त्याच्या या वागण्यामुळे देशात गोंधळ माजणार असला, तरीही त्याने मागे हटू नये.

पहिल्या दृष्टीला हे वकिली धर्माचे तात्त्विक विवेचन वाटते. सभागृहातील जाणकारांना मात्र त्यातील रोख कळला होता. जॉर्जने १७८५ मध्ये मारिया फिट्झहर्बर्ट या कॅथलिक विधवेशी गुप्तपणे विवाह केला होता. कॅथलिक व्यक्तीशी विवाह करणाऱ्याला इंग्लंडच्या सिंहासनावर बसता येत नाही, असा कायदा होता. तो विवाह राजाच्या संमतीविना झाल्याने दुसऱ्या एका कायद्याने रद्दबातल ठरत असला, तरी त्यामुळे वारसाहक्क जातो की नाही हा प्रश्न न्यायालयात गेला असता तर राजाच्या सिंहासनालाच हादरा बसला असता. ब्रूम यांच्याकडे हे अस्त्र होते. ते त्यांनी कधी बाहेर काढले नाही. ते काढण्याची आपल्याला मुभा आहे आणि गरज पडल्यास आपण डगमगणार नाही, एवढेच त्यांनी सूचित केले. अनेक वर्षांनंतर विल्यम फोर्साइथ यांना लिहिलेल्या पत्रात आपले ते विधान म्हणजे राजाला दिलेला इशारा होता, हे त्यांनी स्वतःच स्पष्ट केले. त्यामुळे वकिली आचारसंहितेचे आद्य सूत्र म्हणून जे उद्धृत केले जाते, ते जन्माला आले एका चालू खटल्यातील डावपेच म्हणून. हे लक्षात घेतल्याशिवाय त्याची कठोरता नीट उमगत नाही.

ऑक्टोबरच्या मध्यास सरकारपक्षाचा रेस्तेली हा साक्षीदार परत इटलीला पाठवला गेल्याचे उघड झाले. त्याला पुन्हा उलटतपासणीसाठी बोलावता येणार नव्हते. ब्रूम यांनी या चुकीचा पुरेपूर फायदा घेतला. ६ नोव्हेंबर रोजी दुसरे वाचन १२३ विरुद्ध ९५ मतांनी मंजूर झाले. १० नोव्हेंबरच्या तिसऱ्या वाचनात बहुमत अवघ्या नऊ मतांवर, १०८ विरुद्ध ९९ वर, आले. एवढ्या अल्प बहुमताने हाउस ऑफ कॉमन्समध्ये विधेयक टिकणार नाही हे ओळखून लिव्हरपूल यांनी ते मागे घेतले. लंडनभर रोषणाई झाली आणि ब्रूम देशातील सर्वांत लोकप्रिय वकील ठरले.

खटल्यानंतर

राणीचा विजय अल्पकाळ टिकला. १८२१ मध्ये तिने संसदेने देऊ केलेला तनखा स्वीकारला आणि तिच्याविषयीचा लोकांचा उत्साह ओसरला. राज्याभिषेकात सहभागी होण्याच्या तिच्या हक्कासाठी ब्रूम यांनी जुलैमध्ये प्रिव्ही कौन्सिलपुढे युक्तिवाद केला, पण तो फेटाळला गेला. १९ जुलै रोजी ती वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीच्या दारांवरून परत फिरवली गेली आणि ७ ऑगस्ट रोजी तिचा मृत्यू झाला. तिच्याबरोबर ब्रूम यांचे अ‍ॅटर्नी जनरलपदही संपले. त्यांना ज्येष्ठ वकिलाचा रेशमी झगा उतरवून पुन्हा साध्या बॅरिस्टरांच्या रांगेत जावे लागले. राजाने हे वैर विसरले नाही. ब्रूम यांना ज्येष्ठता परत मिळाली ती १८२७ मध्ये, कॅनिंग पंतप्रधान झाल्यावर. डेन्मन यांना तर त्यासाठी १८२८ पर्यंत थांबावे लागले. अशिलासाठी स्वतःला झळ सोसावी, हे विधान ब्रूम यांच्याबाबतीत अशा रीतीने अक्षरशः खरे झाले.

राणीच्या निधनानंतर डरहॅम शहरातील चर्चच्या घंटा वाजवल्या गेल्या नाहीत. याबद्दल तेथील धर्मगुरूंवर झोड उठवणाऱ्या एका संपादकावर बदनामीचा खटला झाला. १८२२ च्या ऑगस्टमध्ये ब्रूम यांनी त्याचा बचाव करताना केलेले उपरोधिक भाषण त्यांच्या उत्कृष्ट भाषणांपैकी एक मानले जाते. ज्यूरीने संपादकाला दोषी ठरवले, पण कायद्याच्या मुद्द्यांवर प्रकरण रेंगाळले आणि त्याला शिक्षा झालीच नाही.

लॉर्ड चॅन्सेलर

१८२६ च्या सुमारास लंडन विद्यापीठ (आजचे युनिव्हर्सिटी कॉलेज) आणि स्वस्त ज्ञानग्रंथ छापणारी उपयुक्त ज्ञानप्रसारक मंडळी यांच्या स्थापनेत ब्रूम अग्रभागी होते. ७ फेब्रुवारी १८२८ रोजी त्यांनी हाउस ऑफ कॉमन्समध्ये न्यायसुधारणांवर सहा तासांहून अधिक काळ भाषण केले. दिवाणी न्यायालयांतील दिरंगाई, निरर्थक औपचारिकता आणि खर्च यांचा त्यांनी त्यात पाढा वाचला, आणि पुढील अनेक दशकांच्या सुधारणांची दिशा त्यातून ठरली. १८३० मध्ये व्हिग पक्षाचे सरकार आल्यावर ते लॉर्ड चॅन्सेलर आणि बॅरन झाले. चॅन्सरी न्यायालयात साचलेली प्रकरणे त्यांनी झपाट्याने निकालात काढली. १८३२ चा संसदसुधारणा कायदा आणि १८३३ चा गुलामगिरी निर्मूलन कायदा यांना त्यांनी लॉर्ड्समध्ये जोरदार पाठिंबा दिला.

भारताच्या दृष्टीने त्यांचे महत्त्वाचे काम म्हणजे १८३३ चा न्यायिक समिती कायदा. या कायद्याने प्रिव्ही कौन्सिलची न्यायिक समिती स्थापन झाली आणि ब्रिटिश वसाहतींतील अपिले अनुभवी न्यायाधीशांपुढे येऊ लागली. मुंबई उच्च न्यायालयाची अपिलेही १९४९ पर्यंत याच समितीकडे जात. लोकमान्य टिळक यांना ताई महाराज प्रकरणात १९१५ मध्ये शेवटचा अनुकूल निकाल मिळाला तो येथूनच.

१८३४ मध्ये सरकार पडले. पुढच्या वर्षी व्हिग पक्ष पुन्हा सत्तेवर आला, तेव्हा पंतप्रधान लॉर्ड मेलबर्न यांनी ब्रूम यांना मंत्रिमंडळात घेतले नाही. त्यांची बुद्धी सर्वांना मान्य होती, पण ते कधी काय करतील आणि कोणाबद्दल काय बोलतील याचा सहकाऱ्यांना भरवसा नव्हता. १८३९ मध्ये त्यांच्या अपघाती मृत्यूची खोटी बातमी लंडनमध्ये पसरली आणि वर्तमानपत्रांनी मृत्युलेखही छापले. लोक आपल्याबद्दल काय म्हणतात हे पाहण्यासाठी ही बातमी त्यांनीच सोडली, असा संशय अनेकांनी घेतला. चारचाकी बंद बग्गीचा जो प्रकार त्यांच्या नावाने ओळखला जातो, तोही याच काळातला.

अशीलनिष्ठेचा वाद

१८४० मध्ये लॉर्ड विल्यम रसेल यांचा लंडनमधील घरी खून झाला. त्यांचा स्विस नोकर कुर्व्हाझिए याच्यावर खटला चालू असताना त्याने आपले वकील चार्ल्स फिलिप्स यांच्याकडे गुन्ह्याची कबुली दिली, पण आपला बचाव सुरू ठेवावा असाही आग्रह धरला. फिलिप्स यांनी शेजारी बसलेल्या न्यायमूर्ती पार्क यांचा खाजगी सल्ला घेतला आणि बचाव सुरू ठेवला. आरोपीला फाशी झाली. त्यानंतर कबुलीची हकीकत बाहेर आली आणि फिलिप्स यांच्यावर टीकेची झोड उठली. कबुली ऐकूनही त्यांनी घरातील इतर नोकरांकडे संशयाचे बोट वळवले, असा आरोप होता. वृत्तपत्रांतील हा वाद १८४९ मध्ये पुन्हा पेटला. ब्रूम यांनी सांगितलेल्या निष्ठेला मर्यादा असावी की नाही, हा प्रश्न या प्रकरणामुळे पहिल्यांदा सर्वसामान्य वाचकांच्या चर्चेत आला. मर्यादा नसेल, तर निरपराध तिऱ्हाइतालाही वकिलाच्या कर्तव्याची किंमत मोजावी लागते, हे येथे उघड दिसले.

८ नोव्हेंबर १८६४ रोजी इंग्लिश वकीलवर्गाने फ्रेंच वकील बेरिए यांच्या सन्मानार्थ मिडल टेंपलमध्ये मेजवानी दिली. शहाऐंशी वर्षांच्या ब्रूम यांनी त्या प्रसंगी आपली जुनी भूमिका पुन्हा मांडली. लॉर्ड चीफ जस्टिस अलेक्झांडर कॉकबर्न यांनी तेथेच तिला मुरड घातली. वकिलाने लढावे, पण योद्ध्याप्रमाणे. मारेकऱ्याची साधने त्याला वर्ज्य आहेत, आणि अशिलाच्या हिताची सत्य व न्याय यांच्याशी सांगड घालण्याची जबाबदारी त्याच्यावरच आहे, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. सभेने टाळ्यांच्या कडकडाटात कॉकबर्न यांना दाद दिली.

बॅरिस्टरांच्या गैरवर्तनाची दखल घेण्याचा अधिकार त्या काळी त्यांच्या इनच्या वरिष्ठ सदस्यांकडे होता. १८७३-७४ च्या टिचबोर्न खटल्यात बॅरिस्टर एडवर्ड केनिली यांनी अशिलाच्या बाजूने न्यायाधीशांवर आणि साक्षीदारांवर इतके बेफाम आरोप केले की ज्यूरीने त्यांच्या वर्तनाचा स्वतंत्रपणे निषेध नोंदवला. १८७४ मध्ये ग्रेज इनने त्यांची सनद काढून घेतली. त्या खटल्यात पीठासीन न्यायाधीश होते तेच कॉकबर्न.

भारतात अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, १९६१ अन्वये वकिलाविरुद्ध व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार राज्य बार कौन्सिलकडे करता येते. प्रकरण शिस्तपालन समितीकडे सोपवले जाते आणि तक्रार सिद्ध झाल्यास समिती ताकीद देण्यापासून नावनोंदणी रद्द करण्यापर्यंत शिक्षा करू शकते. तिच्या निर्णयावर बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे आणि तेथून सर्वोच्च न्यायालयाकडे अपील होते. महाराष्ट्र आणि गोव्यातील वकिलांसाठी हे काम बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा पाहते. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारनियमांत ब्रूम यांच्या भूमिकेची स्पष्ट छाया आहे. स्वतःला किंवा इतर कोणाला होणाऱ्या अप्रिय परिणामांची पर्वा न करता वकिलाने निर्भयपणे अशिलाचे हित जपावे, असे नियम सांगतो, मात्र ते न्याय्य आणि सन्माननीय मार्गांनीच जपावे अशी अट त्यात आहे. अशील किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यांच्याखेरीज इतर कोणाच्या सूचनांवरून वकिलाने काम करू नये, हाही नियम त्याच प्रकरणात आहे. विरुद्ध पक्षाशी असलेले आपले संबंध आणि वादातील आपला हितसंबंध वकिलाने अशिलाला आधीच मोकळेपणाने सांगितले पाहिजेत. १८१९ आणि १८२० मधील ब्रूम यांच्या बोलण्यांचे मूल्यमापन आजचे अभ्यासक याच कसोट्यांवर करतात.

उत्तरायुष्य आणि मृत्यू

१८१९ मध्ये ब्रूम यांनी मेरी अ‍ॅन या विधवेशी विवाह केला होता. त्यांना झालेल्या दोन्ही मुली त्यांच्या हयातीतच वारल्या. १८३० च्या दशकाच्या मध्यास पटकीच्या साथीमुळे इटलीच्या सीमेवर प्रवाशांना अडवले गेले, तेव्हा ब्रूम यांना कान या लहानशा मच्छीमार गावात मुक्काम करावा लागला. ते गाव त्यांना इतके आवडले की त्यांनी तेथे जमीन घेऊन घर बांधले आणि त्याला धाकट्या मुलीचे नाव दिले. त्यांच्यामागोमाग श्रीमंत इंग्रज तेथे येऊ लागले आणि कानचे रूप पालटले. तेथेच ७ मे १८६८ रोजी ब्रूम यांचे निधन झाले आणि तेथेच त्यांचे दफन झाले. उतारवयात लिहिलेले त्यांचे तीन खंडांचे आत्मचरित्र १८७१ मध्ये प्रसिद्ध झाले. राणी कॅरोलाइन प्रकरणातील त्यांच्या वर्तनाचे त्यातील वर्णन इतिहासकार इतर कागदपत्रांशी पडताळल्याशिवाय ग्राह्य धरत नाहीत.